रोपांचा ताप : कीटकनाशके आणि ताणप्रथिने

कीटकनाशकाला महाराष्ट्रातला शेतकरी ‘औषध’ म्हणतो आणि आमच्या भोपाळच्या परिसरातला शेतकरी ‘दवाई’. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळीला जो शब्द, तोच किडीला मारणाऱ्या विषालाही. शब्दाबरोबर एक समजूतही चालत आली आहे. ती अशी की, हे औषध किडीला लागते, पिकाला नाही. पिकाचे त्याने भलेच होते. पीक हिरवेगार उभे दिसले की समजुतीला पुरावाही मिळतो. परंतु रोप जेमतेम दोन-चार दिवसांचे असताना त्याच्या पेशींच्या आत डोकावून पाहिले तर पुष्कळदा वेगळे चित्र दिसते. तेथे ताप चढलेला असतो. ‘ताप’ हा शब्द मी केवळ अलंकारासाठी वापरत नाही. त्याचे कारण पुढे येईल.

मी वैद्यकीय व्यवसायातला नव्हे. वनस्पतींची शरीरक्रिया हा माझा अध्यापनाचा विषय. डॉक्टर मित्रांच्या मंडळाने स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा, आपली दोन्ही शास्त्रे जेथे एकमेकांना भेटतात असा विषय घ्यावा असे मनात आले. बाग सेवनियात राहणाऱ्याला तो शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. एका अंगाला एम्स, दुसऱ्या अंगाला बरकतुल्ला विद्यापीठ, आणि वस्ती ओलांडून बाहेर पडले की सोयाबीन-गव्हाची शेते. शहराच्या उत्तर भागात तो कारखाना, जेथे ‘सेविन’ या नावाने विकले जाणारे कार्बारिल हे कीटकनाशक तयार होत असे. त्यासाठी लागणारा मिथाइल आयसोसायनेट १९८४ च्या डिसेंबरातील २ आणि ३ तारखांमधल्या रात्री शहरावर पसरला. माणसांचे काय झाले ते येथे पुन्हा सांगण्याची गरज नाही. त्या परिसरातील झाडांची पानेही पुढच्या काही दिवसांत पिवळी पडून गळाली, ही गोष्ट मात्र त्या मानाने कमी आठवली जाते.

आता एक कोडे पाहू. ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट या दोन्ही गटांतील कीटकनाशके ॲसिटिलकोलिनएस्टरेज या विकराला, म्हणजे एन्झाइमला, निकामी करतात. विषबाधेचा रुग्ण आला की बारीक झालेल्या बाहुल्या, तोंडाला सुटलेली लाळ, भरलेली छाती आणि हातात ॲट्रोपिन, हे दृश्य या स्मरणिकेच्या वाचकांना परिचयाचे आहे. सारा खेळ मज्जातंतूंच्या टोकाशी चालतो. पण रोपाला मज्जातंतूच नाहीत. मग मज्जातंतूंसाठी बनवलेले विष रोपाला कोठे लागते?

याचे उत्तर एकच नाही. पहिली गोष्ट म्हणजे निसर्गात विकरांची कुटुंबे असतात आणि एका भावासाठी केलेली चावी दुसऱ्या भावाच्या कुलपातही कधी कधी फिरते. मुगाच्या मुळांमध्ये कोलिनएस्टरेजसारखे विकर असल्याचे रिओव्ह आणि जाफे यांनी १९७३ मध्येच दाखवले होते. यापेक्षा बोलके उदाहरण भाताचे आहे, आणि त्यात आपले कार्बारिलच येते. प्रोपॅनिल नावाचे एक तणनाशक भाताच्या शेतात वापरले जाते. त्याने तण मरते, भात मरत नाही. कारण भाताच्या पानात प्रोपॅनिलचे तुकडे करणारे एक विकर भरपूर असते. पण त्याच सुमारास शेतात कार्बारिलसारखे कार्बामेट किंवा एखादे ऑर्गॅनोफॉस्फेट फवारले तर ते या विकराला अडवते, आणि जे तणनाशक भात सहज पचवत होता तेच त्याला जाळून टाकते. १९६८ मध्ये हे स्पष्ट झाले. किडीच्या मज्जातंतूंसाठी तयार केलेल्या रेणूने भाताचे जणू यकृतच बंद पाडले, असे म्हणावयास हरकत नाही.

यकृताची उपमा माझी नव्हे. जर्मन शास्त्रज्ञ सॅंडरमन यांनी १९९४ मध्ये वनस्पतींना ‘हरित यकृत’ म्हटले आणि ते नाव रूढ झाले. डॉक्टरांना ही व्यवस्था लगेच ओळखीची वाटेल. पहिल्या टप्प्यात सायटोक्रोम पी-४५० ही विकरे परक्या रेणूला ऑक्सिजन जोडतात. दुसऱ्या टप्प्यात ग्लुटाथायोन किंवा साखर जोडून तो पाण्यात विरघळणारा केला जातो. फरक पडतो तो तिसऱ्या टप्प्यात. आपण तो लघवीवाटे किंवा पित्तावाटे बाहेर टाकतो. रोपाला मूत्रपिंड नाही. ते आपला कचरा पेशीतल्या मोठ्या पोकळीत साठवते किंवा पेशीभित्तीत लिंपून टाकते. घराबाहेर कचरा टाकण्याची सोयच नसलेल्या बिऱ्हाडाने तो माळ्यावर रचून ठेवावा, तसे हे आहे. अंकुराच्या बाबतीत ही अडचण अधिक गंभीर होते, कारण त्याचा माळाही लहान आणि शिधाही बेताचा. दलांमध्ये आईने बांधून दिलेली शिदोरी संपण्यापूर्वी त्याला मूळ खाली आणि पान वर न्यायचे असते. त्या शिदोरीतलाच वाटा विष पचवण्यासाठी खर्ची पडू लागला तर वाढ खुंटते.

आता ताणप्रथिनांकडे वळू. त्यांचा शोध ज्या रीतीने लागला ती कथा रंजक आहे. फेरुच्चो रितोसा हे इटलीतील तरुण संशोधक फळमाशीच्या अळीच्या लाळग्रंथीतील गुणसूत्रे पाहत होते. प्रयोगशाळेतील कोणीतरी उबवणपेटीचे तापमान वाढवून ठेवले. दुसऱ्या दिवशी गुणसूत्रांवर नेहमीच्या जागी नव्हे, तर भलत्याच जागी फुगवटे दिसले. म्हणजे एरवी निजलेली जनुके जागी झाली होती. रितोसांनी हे निरीक्षण १९६२ मध्ये प्रसिद्ध केले. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे असे की, त्याच लेखात त्यांनी डायनायट्रोफिनॉल या रसायनानेही तेच फुगवटे येतात असे नोंदवले होते. डायनायट्रोफिनॉल म्हणजे मायटोकॉन्ड्रियातील इंधन जाळण्याची साखळी ऊर्जेपासून तोडणारे रसायन. एके काळी वजन उतरवण्यासाठी दिले जाई आणि त्यात माणसे दगावली. त्याची जवळची भावंडे कीटकनाशके म्हणून वापरात होती. म्हणजे ‘उष्णतेच्या धक्क्याची प्रथिने’ हे नाव ज्यांना मिळाले, त्यांचा रसायनांच्या धक्क्याशी संबंध पहिल्या दिवसापासूनच होता. प्रत्यक्ष प्रथिने १९७४ मध्ये तिसिएर, मिचेल आणि ट्रेसी यांनी दाखवली.

ही प्रथिने करतात तरी काय? पेशीतले प्रत्येक प्रथिन ही अमिनो आम्लांची लांब माळ असते आणि ती ठरावीक घडी पडली तरच कामाची. उष्णतेने, विषाने, ऑक्सिजनच्या अतिक्रियाशील रूपांनी ही घडी विस्कटते. आतले चिकट भाग बाहेर येतात आणि माळा एकमेकींत गुंतून गुठळ्या होतात. अंडे उकडल्यावर पांढरे होते ती हीच क्रिया. ताणप्रथिने अशा विस्कटलेल्या माळेला धरून ठेवतात, गुठळी होऊ देत नाहीत, आणि वेळ मिळाला की पुन्हा घडी घालून देतात. इंग्रजीत त्यांना शॅपेरोन म्हणतात. आपल्याकडे नव्या नवरीबरोबर सासरी जाणारी पाठराखीण असे. तिचे काम डोळ्यांपुढे आणले की निराळ्या व्याख्येची गरज उरत नाही. रेणुभारावरून त्यांना एचएसपी-७०, एचएसपी-९० अशी नावे आहेत. वनस्पतींमध्ये लहान आकाराच्या, १५ ते ३० किलोडाल्टनच्या आसपासच्या ताणप्रथिनांचे प्रकार प्राण्यांच्या मानाने फार अधिक आहेत. सावलीत जाऊन बसणे ज्याला शक्य नाही, त्याने घरात पाठराखिणी अधिक ठेवाव्यात हे योग्यच आहे.

त्यांना बोलावणे कसे जाते, ही रचनाही पाहण्यासारखी आहे. निवांत काळात या प्रथिनांची जनुके चालू करणारा घटक पाठराखिणींनीच धरून ठेवलेला असतो. विस्कटलेली प्रथिने वाढली की पाठराखिणी त्यांच्यामागे धावतात आणि हा घटक मोकळा सुटतो. तो केंद्रकात जाऊन तिघांच्या जुडीने जनुकांना चिकटतो आणि नव्या पाठराखिणी तयार होऊ लागतात. त्या पुरेशा झाल्या की काही जणी पुन्हा त्याला धरून बसतात आणि गजर थांबतो. या साऱ्या व्यवस्थेत विषाचे नाव-गाव कोठेही विचारले जात नाही. प्रथिनांची घडी मोडली, एवढीच वर्दी पोचते. हा मुद्दा वाचकांनी मनाशी ठेवावा. त्याची पुढे गरज लागणार आहे.

कीटकनाशक किंवा तणनाशक ही घडी कशी मोडते? सर्वांत स्वच्छ उदाहरण पॅराक्वाटचे. हे तणनाशक हरितकणातल्या प्रकाशसाखळीतून इलेक्ट्रॉन पळवते आणि ऑक्सिजनला देऊन सुपरऑक्साइड बनवते. पुन्हा मोकळे होऊन पुन्हा पळवते. माणसाच्या फुफ्फुसात हीच चोरी वेगळ्या दाराने होते. पॉलिअमाइनांसाठी असलेल्या वाहकातून ते वायुकोशांच्या पेशींत शिरते, आणि रुग्ण पुढच्या काही दिवसांत डोळ्यांदेखत गुदमरत जातो. उतारा नाही. रोप आणि रुग्ण यांच्यात रसायनशास्त्र भेद करत नाही, ते असे. इतर कीटकनाशकांची वाट इतकी सरळ नसते. त्यांतली काही पेशीपटलाला ढिले करतात, काही मायटोकॉन्ड्रियाच्या कामात अडथळा आणतात, आणि विष पचवण्याच्या खटाटोपात ग्लुटाथायोन संपत आल्याने ऑक्सिडीकरणाचा ताण वाढतो. शेवट मात्र तोच : घडी मोडते आणि ताणप्रथिनांना बोलावणे जाते.

आमच्या मध्य प्रदेशाला सोयाबीनचे राज्य म्हणतात, आणि योगायोग असा की पिकांच्या रोपांमधील ताणप्रथिनांचा पायाभूत अभ्यास सोयाबीनवरच झाला. अमेरिकेत जॉर्जिया विद्यापीठातील जो की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये सोयाबीनचे अंकुर २८ अंश सेल्सियसवरून ४० अंशांवर नेले. थोड्याच वेळात नेहमीच्या प्रथिनांची निर्मिती मंदावली आणि एक नवाच संच तयार होऊ लागला. १९८४ मध्ये त्याच गटाने दाखवले की, ४० अंशांचा अनुभव घेतलेली रोपे पुढे ४५ अंशांचा, एरवी जीवघेणा ठरणारा ताण सोसतात. आणि उष्णता मुळीच न देता आर्सेनाइट हे आर्सेनिकचे संयुग दिले, तरी तशीच प्रथिने तयार होतात व रोप उष्णता सोसू लागते. आर्सेनिकची संयुगे ही डीडीटीपूर्व काळातील प्रमुख कीटकनाशके होती हे लक्षात घेतले, म्हणजे विषाने रोपाला ‘ताप’ येतो असे मी का म्हणतो ते कळेल. विषाने जागे झालेले प्रथिन तेच, जे तापाने जागे होते.

या प्रयोगातून कोणी असा अर्थ काढील की, मग थोडे विष रोपाला बळकटच करते. विक्रेत्यांच्या बोलण्यात हा सूर कधी कधी ऐकू येतो. त्यात अर्धे सत्य आहे. इमिडाक्लोप्रिड लावलेले बियाणे कीड नसतानाही जोमदार दिसते, असा शेतकऱ्यांचा अनुभव होता. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्याचे कारण सापडले. या गटातील काही कीटकनाशके आणि त्यांपासून रोपात बनणारे पदार्थ सॅलिसिलिक आम्लाशी निगडित संरक्षणव्यवस्था जागी करतात. ॲस्पिरिनच्या या आप्ताने रोपाला रोगाविरुद्ध सावध ठेवावे, हे डॉक्टरांना गमतीचे वाटेल. परंतु सावधपणा फुकट मिळत नाही. वर सांगितलेली सोयाबीनची नोंद पुन्हा पाहावी : ताणप्रथिने वाढली तेव्हा नेहमीची प्रथिने घटली. घराला आग लागली असता स्वयंपाक बंद राहतो. आग लवकर विझली तर एक जेवण चुकते, एवढेच. पण जुलैच्या पहिल्या आठवड्यात पावसाने ओढ दिली, वरची माती तापली, बियाण्यावर दोन-तीन रसायनांचा लेप आहे आणि त्यावर पुन्हा तणनाशक पडले, तर ही आग विझतच नाही. रोप मरत नाही. ते खुरटते, त्याच्या मुळांवर गाठी कमी येतात, आणि शेतकरी ‘बियाणे खराब निघाले’ म्हणतो.

म्हणून बीजप्रक्रियाच नको, असे माझे मत नाही. खोडमाशी आणि पिवळा मोझॅक यांनी रोपावस्थेतच गाठलेले सोयाबीन ज्यांनी पाहिले आहे ते तसे म्हणणार नाहीत. शिफारस केलेल्या मात्रेचा भार रोप सहसा काही दिवसांत पचवते आणि त्याचा ताप उतरतो. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि सर्वांत शेवटी रायझोबियमचे जिवाणू, हा क्रमही विचारपूर्वक ठरवलेला आहे. बिघाड होतो तो हात सैल सुटल्यावर. डब्यावर लिहिलेल्या मात्रेने कीड मरेल याचा भरवसा नसतो, म्हणून मात्रा दुप्पट होते. पंपात दोन-तीन औषधे एकत्र ओतली जातात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक माणसे दगावली आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाली, तेव्हा ही मिश्रणे चर्चेत आली. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने पाच कीटकनाशकांवर तात्पुरती बंदी घातली. त्यांत मोनोक्रोटोफॉस होते आणि प्रोफेनोफॉस व सायपरमेथ्रिन यांचे तयार मिश्रणही होते. कार्बारिलवर देशभर बंदी यायला २०१८ साल उजाडले. भोपाळच्या रात्रीनंतर चौतीस वर्षे हे कीटकनाशक आपल्या देशात विकता येत होते, ही गोष्ट मला आजही खटकते.

आता डॉक्टर वाचक विचारतील : ताणप्रथिन मोजून विषबाधा ओळखता येईल का? लखनौच्या विषविज्ञान संशोधन संस्थेत या दिशेने सुंदर काम झाले आहे. फळमाशीच्या एचएसपी-७० जनुकाला निळा रंग देणाऱ्या जनुकाची जोड देऊन तयार केलेल्या माश्या तेथे वापरल्या गेल्या. क्लोरपायरिफॉससारखे कीटकनाशक अळीच्या खाद्यात मिसळले की ज्या ऊतींत ताण पोचला त्या निळ्या होतात. अंकुरांतही हे प्रथिन मोजता येते. परंतु दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात.

पहिली मात्रेची. विष वाढत गेले की ताणप्रथिन वाढत जाते, पण एका मर्यादेपर्यंतच. त्यापुढे पेशीची प्रथिने बनवण्याची यंत्रणाच कोसळते आणि आकडा खाली येतो. अतितीव्र जंतुसंसर्गात पांढऱ्या पेशी वाढण्याऐवजी घटलेल्या दिसतात, तसेच हे. केवळ आकडा पाहणाऱ्याला मरणासन्न रोप निरोगी वाटेल.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे, आणि ती भोपाळच्याच उदाहरणाने सांगता येते. गॅसग्रस्तांच्या रक्तात मिथाइल आयसोसायनेट खरोखर पोचला होता की तो फुफ्फुसांपुरताच राहिला, हा १९८४ नंतरचा मोठा वाद होता. उपचाराची दिशा त्यावर अवलंबून होती. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे विकृतिशास्त्रज्ञ डॉ. श्रीरामाचारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिमोग्लोबिनच्या माळेच्या टोकाशी असलेल्या अमिनो आम्लाला आयसोसायनेट जोडले गेल्याचा पुरावा मांडला. म्हणजे प्रथिनावर त्या विषाचा ठसाच उमटला होता. ताणप्रथिन हा ठसा नव्हे. ती आरोळी आहे. चोर आला, साप निघाला की छप्पर कोसळले, आरोळी सारखीच. ऊन, थंडी, क्षार, पाण्याची ओढ, जड धातू आणि कीटकनाशक, सर्वांना रोप याच आवाजात ओरडते. म्हणून एखाद्या शेतातील रोपात एचएसपी-७० वाढले, सबब अमुक कंपनीचे औषध दोषी, असा निष्कर्ष निघू शकत नाही. रक्तातील सी-रिॲक्टिव्ह प्रथिन वाढले म्हणून कोणी डॉक्टर विषमज्वराचे निदान करत नाही, तोच न्याय येथे लावावा. आरोळी ऐकल्यावर ठसा शोधावा लागतो. तो रोपात किंवा मातीत उरलेल्या रसायनाच्या पृथक्करणातून मिळतो, आणि माणसात कोलिनएस्टरेजच्या मोजणीतून व नीट विचारलेल्या पूर्वेतिहासातून.

आरोळी ऐकण्यासाठी मात्र मोठी प्रयोगशाळा लागत नाही. आपल्या वसाहतींत पुष्कळ घरांपुढे कुंड्या आहेत, काहींच्या गच्चीवर मेथी-पालक आहे, आणि माती कोठून आणली याची चौकशी सहसा कोणी करत नाही. विद्यार्थ्यांकडून मी करून घेत असे तो प्रयोग कोणालाही करता येईल. दोन सारख्या कुंड्या घ्याव्यात. एकीत शंकास्पद माती, दुसरीत खात्रीची. प्रत्येकीत एकाच पुडीतले वीस-वीस मूग सारख्या खोलीवर टोचावेत, सारखे पाणी घालावे, सारख्या सावलीत ठेवावेत. दुकानातून बियाणे म्हणून आणलेले गुलाबी, लाल किंवा निळ्या लेपाचे दाणे घेऊ नयेत; त्यांवर रसायन असते, आणि असे उरलेले दाणे धुऊनही स्वयंपाकात जाता कामा नयेत. पाचव्या दिवशी रोपे हलक्या हाताने उपटून, मुळे धुऊन पट्टीने मोजावीत. देठापेक्षा मुळाकडे अधिक लक्ष द्यावे, कारण मातीशी पहिली गाठ त्याची पडते. मूळ आखूड, जाड, टोकाशी तपकिरी आणि फाटे कमी असतील, व तीन वेळा करूनही तेच दिसले, तर त्या मातीत काहीतरी आहे एवढे नक्की. ते कीटकनाशक आहे, क्षार आहेत की आणखी काही, हे मूग सांगणार नाही. तोपर्यंत त्या कुंडीतली भाजी ताटात न घेणे बरे, आणि मातीचा नमुना कोरड्या स्वच्छ डब्यात भरून तपासणीला द्यावा.